राखून ठेवलेला डाव

फळछाटणीचा हंगाम तोंडावर आला की द्राक्षबागायतदारांची एक तक्रार दरसाल आमच्या कानी येते. ती अशी की, छाटणीस माणसे मिळतात, पण छाटणारे मिळत नाहीत. पेठ-सुरगाण्याकडील टोळ्या दिंडोरी-निफाडच्या बागांत उतरतात, एकरी दर ठरतो, कात्र्या चालू लागतात. परंतु कोणती काडी कितव्या डोळ्यावर कापावी हे पाहून ठरविणारा टोळीत एखादाच असतो, आणि तोही बहुधा वयाने उतरणीस लागलेला असतो. तो तापाने पडला की सबंध टोळीचा हात अडतो. गुऱ्हाळांवर हीच स्थिती आहे. काहिलीतील पाक केव्हा उतरावयाचा हे सांगणारा गुळव्या एक, आणि त्याच्या तोंडाकडे पाहणारे दहा. आंब्याची कलमे बांधणाऱ्यांविषयी, शेतावरील मोटारी व यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांविषयी, फार काय आपल्या सोसायट्यांचे हिशेब समजणाऱ्यांविषयीही असेच म्हणता येईल.

या तक्रारीचे उत्तर लोक मजुरांच्या टंचाईत शोधतात. नवी पिढी शहराकडे गेली, कामाची गोडी राहिली नाही, असे म्हटले की बोलणे संपते. आमचे मत निराळे आहे. टंचाई माणसांची नसून शिकविलेल्या माणसांची आहे. आणि ती पडण्यास शिकणाऱ्यांचा आळस जितका कारण असेल त्याहून अधिक कारण जाणत्यांची एक जुनी सवय आहे. तालमीतील गोष्ट सर्वांस ठाऊकच आहे. वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवितो, एक मात्र राखून ठेवतो. पुढे पठ्ठ्या उन्मत्त होऊन गुरूलाच आव्हान देतो, तेव्हा त्या राखलेल्या डावाने वस्ताद त्याला आस्मान दाखवितो. ही गोष्ट आजवर वस्तादाच्या शहाणपणाची म्हणून सांगण्यात आली. आम्हांला तीत शहाणपण दिसत नाही. तसे खरोखरच घडत गेले असते तर पिढीगणिक एकेक डाव कमी होत जाऊन आज कोल्हापूरच्या तालमींत दंड-बैठकांखेरीज काही उरले नसते! कुस्ती टिकली ती डाव न राखणाऱ्या वस्तादांमुळे. लंगोट लावून स्वतः हौद्यात उतरण्याचे वय गेल्यावर जे कडेला बसले, आणि पठ्ठ्याची कुस्ती चालू असता ज्यांनी हाताची घडी सोडली नाही, त्यांच्यामुळे.

शेतीतला राखलेला डाव मात्र सहसा कोणी दुष्टपणाने राखीत नाही. तो काळजीपोटी राखला जातो. ‘अजून त्याला जमायचे नाही’, ‘नुकसान झाले तर कोण भरून देईल’, ‘थांब, मीच करतो’, ही वाक्ये बोलणारा माणूस मनाने चांगलाच असतो. पण वीस वर्षे तो हेच बोलत राहिला म्हणजे त्याच्या हाताखालचा तरुण चाळिशीला येतो आणि कात्री हातात असूनही विचारीतच राहतो.

जुन्या शेतीत याला एक तोड होती. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणे हे काम किती नाजूक होते हे ज्यांनी बैलांची पेरणी पाहिली आहे त्यांस सांगावयास नको. मूठ सैल पडली तर बी एकाच ठिकाणी दाट पडते, आवळली गेली तर तासांत नांग्या पडतात. आम्ही पाहिलेल्या घरांत हे काम शिकणाऱ्यास प्रथम बांधाकडेची दोन-चार तासे देत. चालविणारा औत चालवी, म्हातारा कारभारी मागून चाले, पण चाड्याला हात लावीत नसे. सात-आठ दिवसांनी उगवण झाली की तो पोराला घेऊन त्या तासांवर जाई, आणि ‘बघ बाबा, तुझी मूठ कुठे अडली ते,’ एवढेच म्हणे. पोराला दिसत असे. वावराने त्याला जे सांगितले ते म्हाताऱ्याला सांगावे लागत नसे. मग त्या नांग्या पोरानेच भरावयाच्या. पुढल्या साली त्याला अर्धे वावर मिळे.

या साध्या रीतीत तीन गोष्टी होत्या. नुकसान झाले तरी ते दोन-चार तासांपुरते राही. केलेल्या कामाचे फळ आठवड्यात डोळ्यांपुढे येई. आणि ते फळ पाहावयास, ज्याने काम केले तोच जाई. यांपैकी तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि आजच्या द्राक्षबागेत नेमकी तीच नाहीशी झाली आहे.

ते कसे, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. आपल्या हवामानात वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरडछाटणी. तीत ओलांड्यावर एखादा डोळा राखून बाकीची काडी काढतात. नव्या फुटी वाढतात, आणि त्यांच्या डोळ्यांत पुढल्या हंगामाचा घड सूक्ष्मरूपाने तयार होतो. हे काम साधारणपणे छाटणीपासून चाळीस ते साठ दिवसांच्या आत उरकते. ऊन किती मिळाले, पाणी किती दिले, नत्र अधिक झाले की काय, शेंडा केव्हा खुडला, या साऱ्यांचा हिशेब त्या डोळ्यांत लिहिला जातो. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. घड काडीच्या कोणत्या डोळ्यात आहे हे अदमासाने वा सूक्ष्मदर्शकाखाली काडी तपासून ठरवावयाचे आणि त्याच्या लगत पुढे कात्री लावावयाची. सबकेन असेल तर गाठीच्या आसपास, सरळ काडी असेल तर आणखी पुढे. एक डोळा मागे कापले तर घडाचा डोळाच खाली जमिनीवर पडतो. वेल फुटते, पानांनी भरते, आणि वांझ राहते. ही चूक त्या हंगामात सुधारता येत नाही.

आता पाहा. छाटणीनंतर सुमारे दोन आठवड्यांत, फूट चार-पाच पानांची झाली की, घड आहे की नाही हे उघड दिसू लागते. म्हणजे शेताचा जबाब येथेही लवकरच मिळतो. पेरणीच्या नांग्यांहून फारसा उशीर नाही. परंतु तो जबाब मिळतो त्या दिवशी कात्री धरणारा कोठे असतो? तो तीन गावे पुढे गेलेला असतो. घड मालक मोजतो, वांझ फुटी मालक काढतो, शिव्या मालक देतो. आणि ज्याच्या हाताने कापले त्याला आपल्या कापण्याचे काय झाले हे जन्मभर कळत नाही. दहा वर्षांत त्याने लाखो काड्या कापल्या असतील, पण शिकण्याच्या दृष्टीने त्याचा तो पहिलाच हंगाम दहा वेळा झाला. मग टोळीत जाणता एकच का, याचे आश्चर्य कशाला करावयाचे? तो एक बहुधा असा निघतो की ज्याची स्वतःची चार ओळींची बाग आहे, किंवा जो एखाद्या मालकाकडे सालभर राहिला होता.

(विरळणीची गोष्ट तर याहून वाईट. घडातील मणी विरळ करण्याचे काम बहुतांशी आमच्या भगिनीच करतात, आणि ते छाटणीइतकेच नजरेचे आहे. पण प्रात्यक्षिकाला बोलावणे मालकाला जाते, तो मागे उभा राहून ऐकतो, आणि कात्री धरणारी बाई त्या दिवशी दुसऱ्याच्या बागेत कामावर असते.)

शेतकऱ्याने शिकावे म्हणून सरकारनेही पुष्कळ खटपट केली आहे. १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने ‘प्रशिक्षण व भेट’ या नावाची योजना आपल्या राज्यात व देशभर चालू होती. ठरलेल्या वारी, पंधरा दिवसांनी, कृषिखात्याचा गावपातळीवरील सेवक निवडलेल्या संपर्क शेतकऱ्याकडे जाई आणि त्या पंधरवड्याचा संदेश देई; त्याने तो शेजाऱ्यांस सांगावा अशी अपेक्षा होती. या योजनेस आम्ही नावे ठेवीत नाही. सेवक वेळेवर येतो हीच पुष्कळ ठिकाणी नवलाई होती. परंतु पाण्याचा पाट लांबत गेला की शेवटच्या वाफ्याला ओलच पोहोचते, तद्वत वरून निघालेला संदेश खालपर्यंत जाता जाता निव्वळ सूचना होऊन बसला. तिच्यामागचे कारण वाटेतच मुरले. शिवाय शेतकऱ्याला उत्तर मिळे, पण प्रश्न पडण्याची सवय लागत नसे. पैसा आटल्यावर योजनाही मावळली.

याच सुमारास जावा बेटात भातशेतीवर जे संकट आले व त्यातून जी रीत निघाली, ती आपल्या वाचकांनी समजून घेण्यासारखी आहे. कारण आज आपल्याकडे कृषिखाते कापूस, सोयाबीन, तूर या पिकांवर ज्या ‘शेतीशाळा’ भरविते त्यांचे मूळ तेथे आहे. इंडोनेशिया सरकार कीटकनाशकांवर भरघोस सवलत देत होते, म्हणून फवारण्या वाढल्या. फवारण्यांनी कोळी व इतर मित्रकीटक मेले, आणि तपकिरी तुडतुडे पूर्वीपेक्षा अधिक माजले. शेवटी १९८६ साली तेथील अध्यक्षांनी भातावरील ५७ कीटकनाशकांस बंदी केली. पण बंदीने शेतकरी शहाणा होत नाही हे तेथील जाणत्यांनी ओळखले, आणि १९८९ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतावरच्या शाळा उघडल्या. सुमारे पंचवीस शेतकरी आठवड्यातून एकदा सकाळी भातखाचरात उतरत, रोपे मोजत, किडे धरत, आणि बांधावर बसून मोठ्या कागदावर चित्र काढीत. मध्ये भाताचे रोप, एका बाजूस शत्रू, दुसऱ्या बाजूस मित्र. त्यावरून या आठवड्यात काय करावयाचे हे त्यांनीच ठरवावयाचे.

या शाळांच्या मास्तरास एक शिस्त घालून दिलेली होती. शेतकऱ्याने किडा दाखवून ‘हा कोणता?’ म्हणून विचारले तर नाव सांगावयाचे नाही. ‘कोठे सापडला? काय करीत होता? त्याच्या आसपास आणखी काय होते?’ असे उलट विचारावयाचे. फारच अडले तर किडा व तुडतुडे एकाच जाळीत कोंडून दोन दिवस पाहावयास सांगावयाचे. कोण कोणाला खातो ते जाळीच सांगते. आणि असे मास्तर होण्यापूर्वी त्या सरकारी सेवकांस स्वतः भाताचे पीक हाताने काढून दाखवावे लागे. ही अट आम्हांस फार आवडली. ज्याने चिखलात पाय घातला आहे तोच उत्तर गिळून प्रश्न विचारू शकतो. ज्याला स्वतःच खात्री नसते तो घाईघाईने नाव सांगून मोकळा होतो. आपल्याकडील काही शेतीशाळा या रीतीने खरोखर चांगल्या चालतात, आणि काही नुसत्या फलकापुढे छायाचित्र काढण्यापुरत्या भरतात. दोहोंत फरक ओळखावयाचा असेल तर कोण अधिक बोलतो तेवढे पाहावे.

यावर आमच्या बागायतदार बंधूंचा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. ते म्हणतील, भाताच्या खाचरात किडे पाळणे सोपे. द्राक्षाच्या एकरी खर्चाचा आकडा तुम्ही पाहिला आहे काय? शिकाऊ हातात कात्री देऊन वर्षाचे उत्पन्न घालवावयाचे काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सबंध बाग शिकाऊ हातात द्यावी असे आम्ही म्हणतही नाही. बांधाकडेची दोन तासे होती तशा बागेच्या कडेच्या चार ओळी पुरेत. त्यांतही कात्री लावण्याआधी शिकणाऱ्याने प्रत्येक काडीस जेथे कापावयाचे तेथे दोरा बांधावा. जाणत्याने फिरून पाहावे, आणि जेथे पटत नाही तेथे ‘चूक’ न म्हणता ‘येथेच का?’ म्हणून विचारावे. उत्तर ऐकून त्याने दोरा हलवला तर ठीक. न हलवला तर दहांतल्या एखाद्या काडीवर त्याच्या मताप्रमाणे कापू द्यावे व ती काडी खुणेने ध्यानात ठेवावी. पंधरा दिवसांनी वेलच निकाल देईल. कधी कधी जाणताच हरेल, आणि तेही वाईट नाही. कारण त्याचे ज्ञान ज्या बागेत बनले ती बाग, ते पाणी, ते हवामान आता तसे राहिलेले नाही. थॉम्सन जातीच्या वेलीत वेगळी काडी ओळखून ‘तास-ए-गणेश’ वाण निवडला गेला तो तासगावच्या बागेत, शेतकऱ्याच्याच नजरेने. ज्या नजरेला ‘येथेच का?’ हा प्रश्न पडत नाही तिला असली काडी समोर असूनही दिसली नसती.

दुसरा आक्षेप असा की, शिकवून तयार केलेला माणूस दुसऱ्याकडे जातो. जातो खरा. त्याला न शिकविता जवळ ठेवल्याने कोणता लाभ होतो, हे मात्र कोणी सांगत नाही. तयार हाताला शिकाऊ हाताइतकीच मजुरी देऊन तो राहील अशी आशा करणे व्यर्थ आहे. चांगल्या छाटणाऱ्याचा दर निराळा ठरवा, म्हणजे तो राहील, आणि गेला तरी शेजारच्या बागेत जाईल. आपला शेजारी बुडावा अशी तर संघाची इच्छा नाही ना!

हे सारे कात्रीपुरतेच नाही. आपल्या सहकारी संस्थांच्या कारभारातही डाव राखला जातो, आणि तेथे त्याचे परिणाम फळछाटणीच्या चुकीपेक्षा मोठे होतात. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांचे शालेय शिक्षण बेताचे. पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ नामांकित अर्थशास्त्रज्ञ. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या अखेरीस चालू झाला तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळ होते. संस्था उभी राहिल्यावर ते बाजूला झाले आणि कारभार विठ्ठलरावांच्या हाती आला. एका विद्वानाने शेतकऱ्यांची संस्था शेतकऱ्यांच्या हाती जाईपर्यंत तेथे राहावे आणि मग राहू नये, हे आम्हांस त्यांच्या ग्रंथांइतकेच मोलाचे वाटते. त्या वेळच्या मुंबई इलाख्यातीलच आणंद येथे १९४६ साली निघालेल्या खेडा जिल्हा दूध संघाचे त्रिभुवनदास पटेल हे दुसरे उदाहरण. दुग्धयंत्रांचे काम त्यांनी वर्गीज कुरियन या तरुण तंत्रज्ञाकडे सोपविले आणि त्यात ढवळाढवळ केली नाही; गावोगावच्या सभासदांचे मन सांभाळणे तेवढे आपल्याकडे ठेवले. १९७० नंतर लवकरच ते आपण होऊन अध्यक्षपदावरून उतरले, आणि सभासदांनी कृतज्ञतेने दिलेल्या थैलीतून त्यांनी माता-बालकांच्या आरोग्यासाठी संस्था काढली. पुढे कुरियन यांच्यासारख्या मोठ्या माणसाला २००६ साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, मतभेदांच्या धुरळ्यात गुजरातच्या दूध विपणन महासंघाचे अध्यक्षपद सोडावे लागले. त्यांच्या कार्याचे ऋण कोणी नाकारणार नाही. पण ज्याने त्यांना वाढविले त्याच्याकडून पायउतार होण्याची ही एक कला घेण्याची राहून गेली, असे आम्हांस वाटते.

आमच्या परिचयाच्या एका संस्थेत (नाव घेण्याचे कारण नाही) चेअरमन साहेबांच्या खिशात तिजोरीची किल्ली बावीस वर्षे होती. माणूस निर्मळ, एका पैचा अपहार नाही. ते अंथरुणास खिळले तेव्हा खतांच्या मागणीचा कागद कोणाकडे व कोणत्या तारखेपूर्वी धाडावयाचा हे संचालक मंडळात कोणालाही ठाऊक नव्हते, आणि त्या खरिपात सभासदांनी खत बाहेरून चढ्या दराने घेतले. निर्मळ माणसाने केलेले हे नुकसान हिशेबतपासनिसाच्या अहवालात कोठे दिसत नाही.

आजकाल ‘कोचिंग’ हा शब्द परीक्षेच्या शिकवणीवर्गांच्या पाट्यांवर फार झळकतो, आणि मोठ्या कंपन्यांत वरिष्ठांनी कनिष्ठांस कसे तयार करावे याचेही वर्ग निघाले आहेत. ते त्यांच्या जागी असोत. आपल्यापुरते आम्ही संघाच्या येत्या सभेपुढे दोन सूचना मांडणार आहोत. एक अशी की, संघाच्या प्रात्यक्षिक बागेतील चार ओळी, आणि जे सभासद राजी असतील त्यांच्या बागेतील कडेच्या ओळी, वर सांगितलेल्या रीतीने शिकाऊ छाटणाऱ्यांस द्याव्यात. त्या ओळींत घट आली तर ती बागेतील बाकीच्या ओळींच्या सरासरीशी ताडून संघाने भरून द्यावी. दुसरी सूचना खर्चाने लहान असली तरी आमचा भर तिच्यावरच अधिक आहे. ज्या टोळीने बाग छाटली तिच्यातील किमान दोघांस, त्यांत एक शिकाऊ, पंधराव्या दिवशी पूर्ण मजुरी व गाडीभाडे देऊन त्याच बागेत परत बोलवावे. त्या दिवशी त्यांच्याकडून काहीही काम घेऊ नये. त्यांनी आपण कापलेल्या ओळींतून फिरावे, घड मोजावेत, खुणेच्या काड्या पाहाव्यात, आणि मालकाने त्यांच्यासोबत चालावे. बोलणे होता होईल तो त्यांच्याकडे ठेवावे. विरळणी करणाऱ्या बायांसही याच रीतीने मणी फुगल्यावर एक दिवस बोलवावे.

ज्या सभासदांस आपल्या ओळी या कामी द्यावयाच्या असतील त्यांनी बागेचे क्षेत्र, वाण आणि छाटणीची अदमासे तारीख संघाच्या कचेरीत लेखी कळवावी. टोळीचा मुकादम कोण आहे आणि तिच्यातील शिकावयास उत्सुक असे कोण आहे, हेही त्याच कागदावर लिहावे. नाव मुकादमाच्या पसंतीने न घालता त्या मुलाला स्वतः विचारून घालावे.